गोमाशीचा डोळा जिवंतपणीच बघा

किडा हलतोय, फोकस लागत नाहीये, काय करू, असं मॅक्रोवाल्या, म्हणजे किड्यांचे अगदी जवळून फोटो काढणाऱ्या, कोणालाही विचारा, हमखास एक उत्तर येतं, डबीत घाल आणि दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेव. त्याच्या पुढची पायरी म्हणजे थेट फ्रीजर, मग तो हलायचा प्रश्नच नाही, टेबलावर ठेवायचा, रेलवर, म्हणजे केसभर पुढेमागे सरकणाऱ्या पट्टीवर, कॅमेरा लावायचा आणि निवांत शे-दीडशे फ्रेम घ्यायच्या. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते आज नीट लिहायचंय, कारण ‘बिचारा किडा’ एवढंच माझं म्हणणं नाहीये. ते आहेच. पण त्याशिवाय, असा काढलेला फोटो त्या किड्याबद्दल चुकीचं सांगतो हा माझा मुद्दा आहे.

आधी एक्स्ट्रीम मॅक्रो म्हणजे काय ते पटकन सांगते, ज्यांना माहितीये त्यांनी पुढच्या पॅराला जा. साधा मॅक्रो म्हणजे वन इज टू वन, दहा मिलिमीटरचा किडा सेन्सरवरही दहाच मिलिमीटरचा पडतो. त्याच्या पुढे गेलात, दुप्पट, तिप्पट, पाचपट, की ते एक्स्ट्रीम. माझा क्रॉप, म्हणजे छोटा सेन्सर आहे, रुंदी साधारण २२ मिलिमीटर, म्हणजे ५ एक्सला, पाचपटीला, अख्ख्या फ्रेममध्ये जेमतेम साडेचार मिलिमीटर मावतात, डोंगळ्याचं डोकं आलं की फ्रेम भरली. आणि फोकस? ५ एक्सला अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ २.८ ठेवलं तर शार्प दिसणारा पट्टा सुमारे ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरचा विसावा भाग. डोळा पकडला तर अँटेना गेली, अँटेना पकडली तर डोळा गेला. मग वाटतं अ‍ॅपर्चर बारीक करूया (एफचा आकडा जितका मोठा तितकं भोक बारीक), पण तिथे दुसरंच गणित आडवं येतं, एवढ्या मॅग्निफिकेशनला लेन्सवरचा आकडा तसाच राहत नाही, त्याला मॅग्निफिकेशन अधिक एकने गुणायचं, म्हणजे ५ एक्सला एफ ८ हे प्रत्यक्षात एफ ४८ होतं, आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे, ज्या बारीक केसांसाठी एवढं सगळं केलं तेच केस पुसट होऊन जातात. म्हणून एफ ४ नाहीतर ५.६ वर राहायचं, फोकस केसभर पुढे सरकवत बऱ्याच फ्रेम घ्यायच्या आणि मग सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायच्या. यालाच स्टॅकिंग म्हणतात. आणि स्टॅकिंगला किडा स्थिर लागतो, तिथूनच तो फ्रीज येतो.

ही अडचण काही आजची नाही. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक छापलं, त्यात माशीच्या डोळ्याचं भलंमोठं चित्र आहे, पिसू आहे, मुंगीही आहे. मुंगी काही केल्या त्याच्या मायक्रोस्कोपखाली एका जागी थांबेना, तर त्याने तिला ब्रँडी पाजली. ती निपचित पडली, त्याने निरीक्षण केलं, आणि तासाभराने ती उठून चालायला लागली, हे सगळं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. मला हे फार आवडतं, कारण मुंगी मारून टेकवून ठेवणं त्याला कितीतरी सोपं होतं. जिवंत मुंगीचं अंग आणि मेलेल्या मुंगीचं अंग सारखं नसतं हे त्याला साडेतीनशे वर्षांपूर्वी दिसलं होतं.

आता गोमाशी.

पावसाळ्यात सिंहगडाच्या पायथ्याला एका गोठ्यावर मी अधूनमधून जाते. गोठ्यात गोमाश्या असतातच, आणि रक्त पिणाऱ्या सगळ्या माद्या, नर फुलांवर वगैरे जगतात. नर-मादी ओळखायला डोळेच बघायचे, नराचे दोन्ही डोळे मध्ये एकमेकांना चिकटलेले असतात आणि मादीच्या डोळ्यांमध्ये फट असते. पोटभर रक्त प्यायलेली गोमाशी जड होते, लांब जात नाही, तिथेच खांबावर नाहीतर भिंतीवर बसून राहते. ही वेळ साधायची. लेन्स तिच्यापासून चार सेंटिमीटरवर न्यावी लागते, त्यामुळे समोरून सरळ जायचं नाही, खालून आणि हळूहळू जायचं, आणि आपली सावली तिच्यावर पडू द्यायची नाही.

मी अशी खांबाला चिकटून उभी, गोठ्यातल्या मावशी धारा काढून आल्या आणि म्हणाल्या, “आवं ताई, त्या माशीचं कसलं फोटू काढताय, हाना तिला, म्हशीचं रगत पिती ती.”

म्हटलं, “मावशी, एकच मिनिट, तिचे डोळे बघायचेत.”

मग स्क्रीनवर मोठा करून दाखवला. हिरवा डोळा, म्हणजे चकचकीत तांब्याची झाक असलेला हिरवा, आणि त्यावरून आडवे जांभळट लाल पट्टे, आणि नीट बघितलं की तो हिरवा सलग नाही, बारीक बारीक षटकोनी भिंगांचा आहे, प्रत्येक भिंगात फ्लॅशचा एक ठिपका. मावशी जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ह्यो तर पैठणीचा काठ हाय की.” मग त्यांनीच आतल्या खांबावरची दुसरी दाखवली.

त्याच गोठ्याच्या खिडकीत कोळिष्टकात एक वाळलेली गोमाशी लटकत होती. तीही मी काढली, तीच लेन्स, तोच फ्लॅश, तेच डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पांढरा पडदा. डोळा तपकिरी काळा, पूर्ण एकसारखा. पट्टे नाहीत, हिरवा नाही, काहीच नाही. दोन फोटो शेजारी ठेवले तर या एकाच प्रकारच्या माशा आहेत यावर विश्वास बसणार नाही.

कारण असं आहे की ते पट्टे म्हणजे रंगद्रव्य नाही. डोळ्याच्या सगळ्यात बाहेरच्या पारदर्शक पडद्यात अतिशय पातळ थर एकावर एक असतात, आणि त्यांच्यातलं अंतर इतकं कमी असतं की प्रकाशाच्या काही लहरी परत फिरताना एकमेकींना जोर देतात आणि काही एकमेकींना खोडून काढतात. कुठे हिरवं परत येतं, कुठे जांभळं. माशी मेली, डोळा वाळला, थरांमधलं अंतर बदललं की रंग संपला. संग्रहातला वाळका नमुना परत दमट हवेत ठेवला तर पट्टे काही काळ पुन्हा दिसतात, म्हणजे रचना तिथेच असते, फक्त पाणी गेलेलं असतं. चतुराच्या डोळ्यांचा रंगही टिकत नाही, जिवंतपणी निळे हिरवे, आणि मेल्यावर काही वेळातच मळकट. फ्रीजरमध्ये घालून मग सावकाश फोटो काढणाऱ्याला हे कधी कळतच नाही, त्याला वाटतं डोळा तपकिरीच असतो.

आता कोणी म्हणेल मारायचं कशाला, नुसता गार करू, जिवंतच असेल ना. असेल. पण गार किड्याची बसण्याची पद्धत बघा, पाय आत ओढून घेतलेले, अँटेना खाली, पंख भलत्याच कोनात. ज्याने किडे बघितलेत त्याला असा फोटो लगेच ओळखू येतो. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात फ्रीजमधून बाहेर काढलेल्या वस्तूवर लगेच पाणी जमतं, तसंच किड्याच्या अंगावरही जमतं, मग केस चिकटून गुच्छ होतात, आणि मधमाशीसारख्या किड्याच्या बाबतीत तर केस हाच फोटो असतो. सातेरी मधमाशीच्या डोळ्यांवरसुद्धा केस असतात, भिंगांच्या मधून उगवलेले. ते एकदा चिकटले की काय दाखवणार?

मेलेल्या नमुन्यांचे फोटो वाईट असतात असं मी अजिबात म्हणत नाहीये. लेव्हॉन बिस या फोटोग्राफरने ऑक्सफर्डच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले नमुने घेऊन जे काम केलं, २०१६ साली त्याचं तिथे प्रदर्शन झालं, ते बघून मी कितीतरी वेळ गप्प बसले होते. एकेका किड्याचे साधारण तीस भाग पाडायचे, प्रत्येक भागाला वेगळा उजेड लावायचा, मायक्रोस्कोपचं १० एक्सचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे पुढचं भिंग, लावून कॅमेरा १० मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने, पुढे सरकवत राहायचं, असं करत एका किड्यासाठी आठ हजारांच्या आसपास फोटो. ते जिवंत किड्यावर होणारच नाही. पण त्याने जे विषय घेतले ते बघा, भुंगेरे जास्त, कठीण कवचाचे, ज्यांचा रंग आणि नक्षी वाळल्यावरही टिकते. त्याने पृष्ठभागाची घडण दाखवली, आणि नमुने आधीच संग्रहात होते. एका लाइकसाठी टेकडीवरची मधमाशी फ्रीजरमध्ये घालणं ही त्याच्या शेजारी बसणारी गोष्ट नाही.

मग करायचं काय, तर पुण्यात राहतो आपण, निसर्गाचाच फ्रीज आहे आपल्याकडे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान १० अंशांच्या आसपास येतं, आणि किड्यांना स्वतःचं अंग सतत गरम ठेवता येत नाही, त्यामुळे ऊन येईपर्यंत ते जिथे झोपले तिथेच असतात. तळजाई, वेताळ टेकडी, पाषाण तलावाच्या कडेचं गवत, कुठेही जा. माझा अनुभव असा की टेकडीवर जिथे नुसती गिरिपुष्पाची झाडं दाटलीत तिथे फार काही मिळत नाही, उघडं गवत आणि मधूनमधून बोरी, घाणेरी असा भाग बघायचा. उजाडायच्या आधी टॉर्च घेऊन पोचायचं आणि डोळ्यांच्या उंचीवर काही शोधायचं नाही, गुडघ्याखालचं गवत बघायचं.

निळ्या पट्ट्यांची मधमाशी, अ‍ॅमेजिला, हिचे नर रात्री कसे झोपतात माहितीये? वाळक्या काडीला जबड्याने चावा घेऊन. पायांनी धरत नाहीत, पाय पोटाशी, अख्खं अंग जबड्यावर तोललेलं, आडवं. आणि एकाच काडीवर चार-पाच जण ओळीने. आणि परत परत त्याच जागी येतात, त्यामुळे एकदा काडी सापडली की संध्याकाळी जाऊन बघायचं, झोपायला आलेले दिसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला शोधा. पहाटे दव पडलेलं असेल तर अंगावर, डोळ्यांवर थेंब असतात, आणि ते थेंब खरे असतात, स्प्रे बाटलीने मारलेले नसतात (ते मारलेले थेंब सगळे एका मापाचे दिसतात, लगेच कळतं).

पद्धत माझी साधी आहे, ट्रायपॉड नेत नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांत काडी खालून धरायची, त्याच हाताच्या तळव्याच्या कडेवर लेन्स टेकवायची, म्हणजे वारा आला तरी काडी आणि लेन्स दोन्ही एकत्रच हलतात. मग श्वास सोडत सोडत अंग किंचित पुढे झुकवायचं आणि त्यात पंधरा-वीस फ्रेम घ्यायच्या. अँटेनाच्या टोकापासून सुरू करायचं आणि डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जायचं, मध्ये मागे यायचं नाही. हे हाताला लागायला वेळ जातो पण एकदा लागलं की रेलची आठवण येत नाही.

टेकडीवर फिरायला येणारे आजोबा-आजी विचारतात, “काय हरवलंय का हो?” मी सगळ्यांना स्क्रीन दाखवते. वेळ गेला तरी चालेल, दाखवतेच.

ऊन आलं की आधी पोट वरखाली व्हायला लागतं, मग पुढचा पाय येतो आणि अँटेना पुसतो, एक मग दुसरी. ही खूण आहे, आता फार वेळ नाही. मधमाशी असेल तर उडायच्या आधी पंख न हलवता नुसते छातीचे स्नायू थरथरवून अंग गरम करते, हाताला काडीतून जाणवतं ते. तिथे थांबायचं, लेन्स मागे घ्यायची आणि तिला जाऊ द्यायचं.

उजेडाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण लोक सगळे पैसे लेन्सवर घालतात. एवढ्या मॅग्निफिकेशनला साध्या उन्हात पुरेसा उजेडच मिळत नाही, फ्लॅश लागतोच, आणि फ्लॅश कमी पॉवरला ठेवला तर तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका छोटा चमकतो, म्हणजे हात हलला तरी फोटो गोठतो. पण किड्याचं कवच गुळगुळीत आणि गोल, त्यावर नुसता फ्लॅश मारला की पांढरा डाग पडतो आणि त्या डागाखालचं सगळं टेक्स्चर जातं. उपाय एकच, फ्लॅश आणि किड्याच्या मध्ये मोठा पांढरा पडदा आणि तोही किड्याच्या अगदी जवळ. मी अप्पा बळवंत चौकातून ट्रेसिंग पेपर आणते आणि पार्सलमधला पातळ पांढरा फोम साठवून ठेवते, आधी फोम, मग चार बोटं मोकळी जागा, मग ट्रेसिंग पेपर, आणि तो लेन्सच्या पुढे कमानीसारखा वाकवलेला. दोन थरांमधली ती मोकळी जागा महत्त्वाची आहे, ती नसेल तर दुसरा थर लावून काही उपयोग नाही. आणि किड्याच्या मागे एक पान धरायचं, नाहीतर मागचं सगळं काळं येतं, सकाळचा फोटो रात्रीचा वाटतो.

लेन्स म्हणाल तर कॅननची ६५ मिलिमीटरची १ ते ५ एक्सवाली आहे, लाओवाची २५ मिलिमीटरची आहे जी मी वापरते, पण सुरुवात त्याने करायची गरज नाही. जुन्या बाजारात जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्स मिळतात, अ‍ॅपर्चरची रिंग लेन्सवरच असलेली २८ मिलिमीटरची शोधा, उजेडाकडे धरून आत बुरशी नाही ना ते बघा, आणि रिव्हर्स रिंगने, म्हणजे लेन्स उलटी बसवायच्या कडीने, कॅमेऱ्याला उलटी लावा. दुपटीच्या आसपास मॅग्निफिकेशन मिळतं. लेन्स जितकी वाइड, म्हणजे तिचा मिलिमीटरचा आकडा जितका लहान, तितकं उलटं लावल्यावर मॅग्निफिकेशन जास्त. बोलायला विचित्र वाटतं पण करून बघा.

प्रार्थना कीटकाचा फोटो काढलात की डोळ्यात काळा ठिपका दिसेल, आणि जो तो म्हणेल, बघ कसा आपल्याकडेच बघतोय. तुम्ही बाजूला सरकलात तर ठिपकाही सरकतो. तिथे बाहुली वगैरे काही नसते. डोळ्यातली जी भिंगं नेमकी तुमच्या दिशेला रोखलेली आहेत ती तुमच्याकडून आलेला उजेड आत शोषून घेतात, परत पाठवत नाहीत, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. शेजारून बघणाऱ्याला तो ठिपका दुसरीकडे दिसतो. आणि रात्री याच किड्याचे डोळे पूर्ण गडद होतात, आतलं रंगद्रव्य जागा बदलतं म्हणून, सकाळी परत हिरवे. एकाच प्रार्थना कीटकाचे संध्याकाळपासून रात्रीपर्यंत थोड्या थोड्या वेळाने फोटो काढून बघा, कुंडीतल्या झाडावर मिळाला तर घरबसल्या होईल. हे सगळं जिवंत अंगात चालू असलेलं काम आहे.

स्टॅक करायला झेरीन वापरा नाहीतर हेलिकॉन, दोन्ही सॉफ्टवेअर चालतात. केसाळ किडा असेल, रॉबर फ्लाय या शिकारी माशीसारखा, जिच्या तोंडावर राठ केसांची दाढी असते, पकडलेल्या भक्ष्याच्या धडपडीपासून चेहरा वाचवायला, तर झेरीनमध्ये पीमॅक्स ही रचायची पद्धत घ्या, एकमेकांवरून जाणारे केस त्यात नीट सुटतात. गुळगुळीत अंगाला डीमॅप ही दुसरी पद्धत बरी, नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, वाढत नाही. जिवंत किड्याने मध्येच अँटेना हलवली तर दोन अँटेना दिसतात, तिथे एका फ्रेममधली खरी अँटेना ठेवायची. जे कुठल्याच फ्रेममध्ये नाही ते रंगवायचं नाही, हे मी पाळते.

आणि एक विनंती आहे. फोटो नुसता इन्स्टावर टाकून थांबू नका, आयनॅचरलिस्टवर, म्हणजे जीवांच्या नोंदी करायच्या वेबसाइटवर, जागा आणि तारीख घालून टाका. गोमाश्यांची जात ओळखताना डोळ्यावरच्या पट्ट्यांची नक्षी उपयोगी पडते, आणि वाळक्या नमुन्यात नेमकी तीच जाते. झूऑलॉजिकल सर्व्हेचं, म्हणजे प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचं, केंद्र आपल्या आकुर्डीत आहे, अशा कुठल्याही संग्रहात टाचणीला लावलेली माशी वर्षानुवर्षं टिकते, पण तिच्या डोळ्याचा रंग टिकत नाही, तो फक्त कोणीतरी जिवंतपणी काढलेल्या फोटोत राहतो. म्हणून डोळ्याचा क्लोजअप झाला की लेन्स १ एक्सवर आणून, किंवा नसेल जमत तर फोनने, एक बाजूने आणि एक वरून असा पूर्ण अंगाचा फोटो काढाच. पंखांच्या शिरा आणि अँटेनाचा आकार दिसला पाहिजे. नुसत्या डोळ्याच्या फोटोवरून जात सांगता येत नाही, कितीही सुंदर असला तरी.